सहा नंबरची ओली भिंत

सहा नंबरच्या भिंतीवर मी तळहात ठेवला, तर ती कोरडी ठणठणीत.

"काल दुपारी ओली होती," मॅनेजर देशपांडे म्हणाले. "गेस्टची बॅग भिजली. त्यांनी खोली बदलून मागितली."

"ह्या भिंतीतून पाइप जातो?"

"नाही. बाथरूम पलीकडच्या टोकाला आहे."

"पाऊस?"

"मे महिना आहे, मॅडम."

तो शुक्रवार होता. सोमवारी ह्या हॉटेलचं छप्पर उतरवायला माणसं येणार होती.

हॉटेल पणजीतलं. पोर्तुगीज काळातलं एका घराण्याचं राहतं घर, त्याचं नऊ खोल्यांचं हॉटेल केलेलं. लोक इथे समुद्रासाठी येत नसत, ह्या घरात राहायला येत. शिसवी पलंग, शिंपल्यांची तावदानं, आणि वर तक्तपोशी. तक्तपोशी म्हणजे कौलांच्या खाली ठोकलेलं लाकडी छत. मालकीण मिसेस परेरा पंचाहत्तरीच्या. जन्म ह्याच घरातला, आणि अजूनही मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत राहत होत्या.

सहा नंबरची भिंत वर्षभर अधूनमधून ओली होत होती. रंग फुगला होता, कोपऱ्यात बुरशी, आणि भिंतीला लागून तक्तपोशीची एक फळी काळी पडलेली. एका कॉन्ट्रॅक्टरने कौलं परतून दिली. दुसऱ्याने सगळे नळ बदलले. भिंत ओली होतच राहिली. मग मुंबईहून एक मोठे कन्सल्टंट आले आणि त्यांनी रिपोर्ट दिला: लाकूड आतून कुजलंय, छप्पर आणि तक्तपोशी काढा, स्लॅब टाका. माणसं सोमवारची ठरलीही, पण मिसेस परेरांनी अजून सही केली नव्हती. वेंगुर्ल्याला त्यांच्या भाचीच्या घराचं छप्पर आम्ही दुरुस्त केलं होतं, म्हणून त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं.

आम्ही म्हणजे मी आणि आबा मेस्त्री. मी सिव्हिल डिप्लोमा, वय तेव्हा एकोणतीस, ऑफिस कुडाळला, घर वालावलला. जुनी घरं दुरुस्त करणं हे माझं काम. आबा साठीचे. तीन पिढ्या सुतारकाम. हिशेब मी कागदावर मांडायची, आबा हातोडीने ठोकून बघायचे, आणि दोघांचं उत्तर जुळलं की काम सुरू.

आबा शिडी लावून माळ्यावर गेले. तासभर वरून टकटक ऐकू येत होती. खाली आले ते कोळिष्टकांनी माखून.

"गो बाय, एकूण एक वासो खणखणीत आसा. पाण्याचो एक डाग नाय. वरची धूळसुद्धा सुकी." मग म्हणाले, "आणि सांधे बघलंस? असो सांधो आमच्या बाजूचे मेस्त्री घालतत. माझो बापूस असोच घाली."

ते कितपत खरं, मला माहीत नाही. पण आबांनी ते छप्पर त्या क्षणापासून स्वतःचं मानलं.

"मग पाणी येतं कुठून?" देशपांड्यांनी विचारलं.

मी हाउसकीपिंगच्या बायकांशी बोलले. भिंत ओली कधी दिसते? दुपारी. रोज? नाही. कधी आठ दिवस काहीच नाही. आणि कॉन्ट्रॅक्टर बघायला आले तेव्हा? तेव्हा एकदाही नाही. एकजण म्हणाली, "तेव्हा खोल्या बंदच असायच्या ना. सहा आणि तिला लागूनची सात, दोन्ही. ठोकाठोकीचा गेस्टना त्रास नको म्हणून."

मला तिथे काहीतरी सापडल्यासारखं वाटलं. खोलीत कोणी राहत असेल तरच भिंत ओली होते आणि आपण सगळे ती रिकामी करून तपासतोय.

"आम्हाला ह्या दोन खोल्यांत गेस्टसारखं राहू द्या," मी म्हणाले.

देशपांडे हसले. "मॅडम, मागे स्टाफ क्वार्टर आहेत. तिथे तुमची चांगली सोय होईल. मेस्त्रींना ह्या खोलीत… आमचे दुसरे गेस्ट काय म्हणतील?"

मिसेस परेरा दारात काठी टेकून उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तांकां हांगाच रावूंदी." त्यांना इथेच राहू दे.

आबा सहामध्ये, मी सातमध्ये. खरं सांगते, अशा खोलीत मी आयुष्यात पहिल्यांदाच राहत होते. पलंगावर चढायला पायरी होती. सकाळी चहा किटलीतून आला आणि तो आणणारा "गुड मॉर्निंग, मॅम" म्हणाला. आबांनाही तो "गुड मॉर्निंग, सर" म्हणाला. आबा मला म्हणाले, "ह्यो माका सर म्हणता गो!" आणि त्यांनी धोतर नीट सारखं केलं.

शनिवारी जेवून आम्ही आपापल्या खोलीत आडवे झालो. बाहेर नुसती काहिली आणि दमट हवा. मी एसी अठरावर टाकला. घरी एसी नव्हता, सोडणार कशाला? तीनच्या सुमारास दार वाजलं.

"बाय, हंय ये. बघ मगे."

सहामध्ये एसी बंद होता. आबांना ती थंडी सोसत नव्हती, म्हणून त्यांनी चारी खिडक्या सताड उघडून टाकल्या होत्या. आणि मधल्या भिंतीवर, वरपासून कमरेपर्यंत, पाण्याचे थेंब. काही ओघळत होते.

"भिंतीक घाम इलो," आबा म्हणाले. त्यांनी बोटाने एक थेंब टिपला आणि जिभेवर ठेवला. "ह्यां पाणी वरसून येवंक नाय. ह्येका चुन्याची चव नाय."

भिंतीतून झिरपलेलं पाणी चुना, खार घेऊन येतं. हे पाणी बेचव होतं. म्हणजे ते भिंतीच्या आतून आलंच नव्हतं.

मी धावत सातमध्ये गेले. एसीचा झोत थेट त्याच भिंतीवर येत होता. हात लावला, तर बर्फ. आणि मग सगळं लख्ख दिसलं. थंडगार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून थेंब सुटतात. ते तांब्यातून गळत नाहीत, हवेतली वाफ गार धातूवर बसून पाणी होते. सातमध्ये एसी चालू आणि सहाच्या खिडक्या उघड्या असल्या, की ही भिंत त्या तांब्यासारखी वागत होती. एवढी गार कशी? कारण ती जुन्या घराची भिंतच नव्हती. जुन्या भिंती हातभर रुंदीच्या, जांभ्या दगडाच्या. ही हॉटेल करताना एका दालनाच्या दोन खोल्या पाडायला घातलेली साडेचार इंची विटांची, वरून ऑइलपेंट. काळी पडलेली फळी तिच्याच घामाने काळी पडली होती.

मी मिसेस परेरा आणि देशपांड्यांना बोलावलं. सातमधला एसी बंद केला, भिंत पुसली. तासभर थांबलो. कोरडी. पुन्हा एसी लावला. आम्ही चौघं सहामध्ये खुर्च्या टाकून भिंतीकडे बघत बसलो. पाऊण तासाने पहिला थेंब सुटला. देशपांडे उठून भिंतीजवळ गेले, बोटाने तो थेंब पुसला आणि परत बसले.

मग त्यांनीच कन्सल्टंटना फोन लावून माझ्याकडे दिला.

"शिक्षण काय तुमचं?" पलीकडून प्रश्न.

"डिप्लोमा, सर. मालवणला झाला."

"मी तीस वर्षं बिल्डिंगा तपासतोय."

"हो सर. तुम्ही आलात तेव्हा सात नंबर रिकामी होती. आज आहे तशी येऊन बघा. भिंतीला हात लावा."

ते आले नाहीत. पण रविवारी सकाळी त्यांचाच फोन आला: सोमवारचं काम थांबवा, आधी एसीचं करून बघा. मोठ्या माणसाने एवढं म्हणणंही सोपं नसतं, हे मला नंतर कळलं.

एसी दुसऱ्या भिंतीवर गेला. सातच्या बाजूने आबांनी थर्मोकोल भरून लाकडी पॅनेल केलं, जुन्या दारांच्या नक्षीशी जुळणारं. काळी फळी बदलली. त्या जून ते सप्टेंबरात मी चार वेळा जाऊन भिंतीला हात लावला. चारही वेळा कोरडी. छप्पर आजही जागच्या जागी आहे.

काम संपवून निघताना देशपांड्यांनी गेस्टबुक आबांच्या पुढे ठेवलं. "सर, दोन ओळी लिहा." आबांनी चष्मा लावला, आधीची पानं उलटली. सगळं इंग्रजी, फ्रेंच. मग सावकाश, एकेक अक्षर कोरत लिहिलं: "छप्पर बरां आसा. शंभर वर्षां बघूक नको." खाली पूर्ण सही, आणि गाव वालावल.

परतीच्या एसटीत मी त्यांच्या शेजारी बसले होते. आपण काय काम करतो, हे कोणी विचारावं असं मला त्या दिवशी फार वाटत होतं. कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून गळती बघायला गेले की घर रिकामं करा असं मी सांगत नाही. उलट विचारते: इथे कोण झोपतं, खिडकी कधी उघडता, पंखा कुठे लावता? लोकांना वाटतं, बाई गप्पा मारतेय. निम्मी गळती तिथेच सापडते.