खंडेनवमीला आलेला साहेब

नोकरी जुनी होत जाते तसे किस्से साचत जातात. लेथखाली लोखंडाचा कीस साचावा तसे! कीस निदान रोज झाडून काढता येतो. साताऱ्याजवळच्या एका खासगी आयटीआयमध्ये मी पोरांना इंग्रजी बोलायला शिकवते. म्हणजे प्रयत्न करते.

आमचे प्राचार्य शेळके सर फौजेतून रिटायर झालेले. आपण शिकवलेली पोरं बॅगा उचलून पुण्याची एसटी धरतात, हे त्यांचं कायमचं दुखणं. अशात डेन्मार्कची एक पंपाची कंपनी कारखान्यासाठी जागा शोधत आली. एकीकडे आमचा माळ, दुसरीकडे परराज्यातली जागा. कंपनीच्या येन्स साहेबांनी माळावर एक नजर टाकली आणि विचारलं, "इथं काम कोण करणार?"

म्हणून त्यांना आमच्याकडे आणलं. साहेब म्हणाले, आमचा देश एवढासा, जमिनीत सोनं ना चांदी. जे काही झालं ते शाळांमुळे झालं. हे ऐकून शेळके सर दोन बोटं उंच झाले.

*

साहेब यायच्या आधी सरांनी आठवडाभर पोरांची परेड घेतली होती. साहेबानं काही विचारलं की टाचा जुळवायच्या आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, "येस सर!" मी सांगत होते, आधी प्रश्न तरी समजू द्या. पण फौजेपुढे इंग्रजीच्या मॅडमचं कोण ऐकतंय?

साहेबांनी विचारलं, मशीन चालवायला आवडतं का? येस सर! ड्रॉइंग वाचता येतं का? येस सर! साहेब खूश. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, हळूच विचारलं, "तुम्ही मला घाबरता का?"

"येस सर!"

साहेब इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

*

मग जेवण. साहेबांनी तिसऱ्या पुरणपोळीला ताटावर हात आडवा धरला. मेसच्या सुमन मावशींनी पोळी त्या हातावर ठेवली आणि वर तूप सोडलं. साहेबांनी मला नम्रपणे सांगितलं की त्यांच्या देशात नको म्हणजे नकोच असतं. मी ते मावशींना मराठीत सांगितलं.

मावशी कळवळल्या. "आगं बाई! मग पावनं उपाशीच उठत असतील की."

*

त्याच दिवशी आमच्या एका पोराचे वडील विट्याहून आले होते. त्यांचं केरळात सोनं गाळायचं दुकान आहे. गर्दी कसली म्हणून चौकशी केली आणि थेट साहेबांशेजारी जाऊन बसले. मला म्हणाले, "सांगा यास्नी, परमुलखात दुकान आमी बी टाकलंय. जागा काय, कुठं बी मिळती. माणसं बगून टाकायचं."

मी सांगितलं. साहेबांनी उठून त्यांच्याशी हात मिळवला. धंदेवाल्याला धंदेवाला भेटला होता, मध्ये माझी तशी गरज नव्हती.

*

आता शेवटची फेरी. साहेब पुन्हा येणार, पोरांना प्रत्यक्ष मशीनवर काम करताना बघणार आणि संध्याकाळपर्यंत मुख्य ऑफिसला निर्णय कळवणार. तारीख त्यांनी ठरवली, आम्ही आनंदानं होकार दिला. कॅलेंडर कुणी पाहिलंच नाही. तो दिवस निघाला खंडेनवमीचा!

साहेब सकाळी लॅपटॉप ऑफिसात ठेवून, मेसमध्ये चहा घेऊन वर्कशॉपच्या दारात आले तेव्हा प्रत्येक लेथच्या गळ्यात झेंडूचा हार होता, कपाळाला हळदकुंकू होतं आणि समोर नारळ. पूजा झालेल्या मशीनला त्या दिवशी हात लावायचा नसतो. शेळके सरांना घाम फुटला. ते पुटपुटले, "वर्षे, एक मशीन चालू कर. देव माफ करील."

वर्षा मेढ्याची. टर्नर ट्रेडला पहिली. कारखाना इथं झाला तर ती रोज संध्याकाळी घरी जाऊ शकणार होती, नाहीतर तिलाही पुण्याचीच एसटी. तरी ती म्हणाली, "सर, तुमीच शिकवलंय, आज हात लावायचा न्हाई. मी न्हाई लावायची."

मग तिनं साहेबांना मी शिकवलेल्या इंग्रजीत समजावलं, की मशीन वर्षभर आमचं काम करतं, आज आम्ही त्याचं करतो. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू!

 साहेबांनी वाकून लेथखाली, अगदी मागच्या कोपऱ्यापर्यंत, आपला पांढरा रुमाल फिरवला. रुमाल पांढराच राहिला. मग ते रिपोर्ट पाठवायला ऑफिसात आले आणि थबकले. टेबलावरच्या त्यांच्या लॅपटॉपवरही वर्षानं सकाळीच कुंकू लावून झेंडूचं फूल ठेवलं होतं.

"उघडा की साहेब, एवढं चालतंय," शेळके सर काकुळतीला आले.

साहेबांनी मान हलवली. त्यांनी लॅपटॉपला हात लावला नाही, खुर्चीत शांत बसून राहिले. सर दारातून खिडकीकडे आणि खिडकीतून दाराकडे. संध्याकाळ झाली. वर्षाची मेढ्याची एसटी गेली, पण ती हलली नाही.

शेवटी साहेबांच्या खिशातला फोन वाजला. तेवढ्याला कुंकू लागलं नव्हतं. त्यांनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. डेन्मार्कहून त्यांच्या मोठ्या साहेबांचा आवाज आला. रिपोर्ट कुठे आहे? कारखाना तिथं टाकायचा की नाही?

येन्स साहेब उठून उभे राहिले. त्यांनी टाचा जुळवल्या.

"येस सर!"