भगुनी मागत फिरणारी बाई

निजामाचं राज्य गेलं, त्या वर्षी वडील चुडावा रेल्वे स्टेशनाजवळच्या एका खेड्यात मास्तर होते. गावातली मुसलमान घरं भीतीनं पळाली होती, आणि मागं राहिलेलं त्यांचं सामान शेजाऱ्यांनी उचलून नेलं होतं. ती माणसं परतली तेव्हा त्यांच्या चुलीवर ठेवायला भांडं नव्हतं.

तेव्हा एक धनगर विधवा दारोदार फिरायला लागली. तिचं नाव मला कधीच कळलं नाही. पदराचं टोक मुठीत धरून ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि हलक्या आवाजात म्हणायची, "बायांनो, त्यायची लेकरं उपाशी हायत. नेलेलं भगुनं देऊन टाका." पुरुष अंगावर धावून यायचे, पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात हजर. शेवटी बायका मागच्या दारानं एकेक भांडं तिच्या हाती देऊ लागल्या. ती ते डोक्यावर घेऊन ज्याचं त्याला पोचवायची.

पुढं ग्रामपंचायत आली. एक बाई मेंबर घ्यायची होती. आईला वाटलं, हिच्याशिवाय दुसरी कोण? पण पाटलांच्या सुनेचं नाव लागलं. ती सून कधी चावडीची पायरी चढली नाही.

आईनं त्या विधवेला वाटेत गाठून विचारलं, "मावशी, तुम्हाला कसं नाही घेतलं?"

"कशाला घेतील, बाई? कुणाच्या घरातून काय निघालं, ते मला ठाव हाय. मी दिसले की त्यायला तेच आठवतंय."

लग्नाची आवतनंही तिच्या दाराशी थांबेनाशी झाली. नंतर मेंढरं घेऊन निघाली की ती गावातली वाट सोडून रुळाच्या कडेनं, लांबच्या वळणानं जायची.