माझी गाठ त्यांना चालली

मोठ्या बाईंनी माझा अंगठा धरला. निळ्या शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. मग मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले. दोनदा.

मी तिथेच उभी.

कागद त्यांच्या मुलीचा होता. वयाने लहान असली तरी मी तिला ताईच म्हणते. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या त्या घरी मी सोळा वर्षे झाडू-पोछा केला, कपडे धुतले. ताई मोठ्या शहरात कॅन्सरवर संशोधन करते. माझ्या छातीत गाठ निघाली तेव्हा तिच्याच ओळखीने नागपूरला ऑपरेशन झालं. मी ते विसरले नाही. त्या घरात कोणी विसरूही देत नव्हतं. काढलेल्या गाठीचा तुकडा ताईला तपासायला हवा होता. म्हणून अंगठा.

मला सही येते. मोहगावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले मी. पण चार लोकांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. तेव्हाही निघाला नाही.

आम्ही बौद्ध. म्हणून त्या घरात माझा कप वेगळा. मागच्या अंगणात, नळाजवळच्या कोनाड्यात, दांडी तुटलेला. बाई त्यात चहा वरून ओतायच्या. ऑपरेशनच्या आधी त्या जामसांवलीच्या मारुतीला जाऊन आल्या, माझ्यासाठी प्रसाद आणला. तोही वरूनच टाकला.

आणि गाठ? ती बर्फाच्या डब्यात, जपून, ताईच्या मांडीवर बसून गेली.

दिवाळीत ताईने मला तिचं काम समजावलं होतं. मी कपडे वाळत घालत होते, ती पायरीवर बसली होती. म्हणाली, प्रत्येक पेशीत एक मोठी वही असते. वही जागची हलत नाही. तिच्यावरून चिठ्ठ्या उतरवतात, त्यांना आरएनए म्हणतात. चिठ्ठीत असेल तसं पेशी वागते. कोणती चिठ्ठी चालू ठेवायची, कोणती फाडायची, हे ठरलेलं असतं. फाडायची चिठ्ठी तशीच फिरत राहिली, की पेशी वाढत सुटते. मी विचारलं, ती चिठ्ठी कोण फाडते? ताई हसली. "तेच तर शोधते आहे. तुला बरं समजतं गं!"

संक्रांतीनंतर ती पुन्हा आली. आता रक्त हवं होतं, त्यासाठी नवा कागद आणला होता. सौसरच्या माझ्या नणंदेलाही गाठ निघाली होती, तिलाही घेऊन ये म्हणाली. बर्फाचा डबा समोरच्या खोलीत, टेबलावर, धुतलेल्या रुमालावर ठेवला होता. माझ्या रक्तासाठी. मी अंगणात.

बाई चहा ओतता ओतता म्हणाल्या, "हिचा कप आता आनखी दूर ठेवा लागते. कॅन्सरवाली हाय."

ताईने ऐकलं. मोबाइलमध्ये डोकं घातलं. तिला सगळं माहीत होतं. त्याच आजारावर तिचं शिक्षण.

मी कप खाली ठेवला. विचारलं. "ताई, कॅन्सर कपानं लागते का?"

"नाही गं. असा नाही लागत."

"मंग गाठ निघाच्या आंधीपासून माहा कप भायेर काहून हाय?"

ताई आईकडे पाहू लागली. बाई म्हणाल्या, "लई बोलून राहिली आज. ऑपरेशन कोनामुळं झालं? लाव अंगठा, माही दाळ करपून राहिली." आणि माझा हात धरायला आल्या.

मी हात मागे घेतला. "थांबा. वाचून राहिली मी."

कागद हिंदीत होता. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचला. खूप वेळ लागला. दाळ खरंच करपली. त्यात लिहिलं होतं, मर्जी असेल तरच द्या. कधीही नाही म्हणता येतं. नाही म्हटलं तरी इलाज थांबणार नाही.

"पहिल्या कागदावरबी हेच होतं का?"

"हो," ताई हळूच म्हणाली. "आई म्हणाली होती, तुला वाचता येत नाही."

पेशीतली वही समजावली. माझा कागद नाही समजावला. आईला विचारलं. मला नाही.

अंगठा न लावताच कागद घडी करून मी निघाले. दुसऱ्या दिवशी काम गेलं. जाऊ दे.

ताईचं काम वाईट नाही. माझ्या मुलीला गाठ होऊ नये, असं मलाही वाटतं. पण त्या घरात एक चिठ्ठी पिढ्यान्‌पिढ्या फिरते आहे. तिच्यात लिहिलं आहे, हिला बाहेर ठेवा. ती कोणी फाडली नाही. ताईनेही नाही. फाडायची चिठ्ठी ओळखणं, हेच तर तिचं काम.

काल सौसरला जाऊन तो कागद नणंदेला वाचून दाखवला. तिलाही सही येते, थोडी वाकडी. आमचं ठरलं आहे. रक्त द्यायचं की नाही, ते आम्ही ठरवू. दिलं तर सरकारी दवाखान्यात, खुर्चीवर बसून, सगळं वाचून. बर्फाचा डबा घेऊन ताईने तिथे यावं.

अंगठा मिळणार नाही.