पाखाडीवरून उतरणारा चेंडू

खेळातलं मला कळतं, असा आमच्या घरात माझा समज आहे. त्याला आधार एवढाच, की पुण्यात कॉलेजला असताना मी बेसबॉलच्या संघात होतो. संघात होतो म्हणजे कुणाचा पाय मुरगळला की मैदानात जायचो. लग्नानंतर ही हकीकत सांगताना ते मुरगळलेले पाय मी हळूहळू गाळत गेलो, आणि शेवटी शेवटी माझाच त्यावर विश्वास बसला.

मुलगी शाळेच्या सॉफ्टबॉल संघात होती. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या निवडीत ती गळाली. झेल पक्के, पळणं चपळ, बॅटिंगच्या नावाने मात्र शंख. घरी परतताना एस.टी.च्या खिडकीबाहेर बघत ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी माझं नाव येणार." पुढचं वर्ष हे तिच्या वयोगटातलं शेवटचं. त्यानंतर नाव यायला जागाच नव्हती.

"बॅटिंग माझ्यावर सोड," मी म्हटलं.

"अहो, तुमचं बेसबॉल ना? तिचं सॉफ्टबॉल आहे," बायको म्हणाली.

"चेंडू थोडा मोठा असतो. बाकी सगळं तेच."

हे वाक्य पुढे मला घरात इतक्या वेळा ऐकवण्यात आलं, की आता भाजीत मीठ कमी पडलं तरी "बाकी सगळं तेच" असं म्हणतात.

सराव अंगणात सुरू झाला. आमचं घर उतारावर. अंगण म्हणजे टेबलाएवढी सपाट जागा, आणि तिथून वर आंब्याच्या कलमांकडे जाणारी चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी. मुलगी अंगणात बॅट घेऊन उभी आणि मी पाखाडीच्या मधल्या पायरीवर. तिथून मी बेसबॉलच्या पद्धतीने, खांद्यावरून चेंडू टाकायचो. पुढचा पाय उचल, वजन मागे घे, मग मोठा झोका दे आणि चेंडू येतो तशी बॅट खालून वर जाऊ दे, असं सगळं मी तिला घोटून शिकवलं. पोरगी एकदा मनावर घेते ती घेतेच. महिन्याभरात शेजाऱ्यांच्या माडात चेंडू जायला लागले. शेजारच्या काकू कुंपणाच्या गडग्यावरून ओरडायच्या, "अहो, नारळ आम्ही पाडेकऱ्याकडून पाडून घेतो हो!" मला त्यातही कौतुकच ऐकू यायचं.

मग शाळेत दुसऱ्या शाळेशी सामना झाला. मी शर्टाला इस्त्री करून गेलो होतो. मुलगी बॅटिंगला आली, पाय उचलला, झोका दिला. चेंडू कधीच मागच्या मुलीच्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसला होता. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बॅट वेळेवर आली, पण चेंडूच्या खालून गेली. खेळाच्या मॅडम ओरडल्या, "अगो, खालून काय मारत्येस? बॉल वर राहिला! कोण शिकवतंय तुला हे?"

मुलीने माझ्याकडे बघितलं नाही, हे तिचे उपकार. मी पाण्याच्या पिंपामागे गेलो.

घरी आल्यावर ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बाबा, उद्या सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊ. ओहोटी आहे. तुम्ही बॅटिंग करायची."

"मी?"

"शिकवलंत ना? मग दाखवा."

संघातली पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, तिची मैत्रीण. तिलाही बोलावलेलं. ओल्या, घट्ट वाळूवर बॅट घेऊन मी ऐटीत उभा राहिलो. त्या मैत्रिणीने हात गोल फिरवला आणि कमरेजवळून चेंडू सोडला. मी पाय उचलला. पाय खाली येईपर्यंत चेंडू मागे वाळूत लोळत होता.

"काका, मारायचा असतो तो," मैत्रीण म्हणाली.

"बघत होतो जरा."

पुढचे कितीतरी चेंडू मी बघतच होतो. एकदा तर झोका इतका मोठा झाला, की मी स्वतःभोवती फिरून वाळूत बसलो. मासळीच्या टोपल्या घेऊन चाललेल्या दोन बायका थांबल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मुलगी हसत नव्हती. ती एकदा मैत्रिणीच्या पायांखालच्या वाळूकडे बघत होती, एकदा माझ्या.

"बाबा, इथे सपाट आहे."

"मग?"

"आपल्याकडे बॉल डोंगर उतरून येतो. तुम्ही पाखाडीवरून टाकता. ही खालून टाकत्ये. हिचा उतरतच नाही."

मी वाळूत बसल्या बसल्या डोक्याला हात लावला. बेसबॉलमध्ये पिचर उंचवट्यावर उभा असतो, हात डोक्यावरून येतो, चेंडू वरून खाली येतो. म्हणून बॅट किंचित वर जाते. अंतरही लांब, त्यामुळे पाय उचलायला सवड मिळते. सॉफ्टबॉलची पिचर पुष्कळ जवळ, सपाट जमिनीवर. चेंडू कमरेतून निघतो आणि सरळ छातीकडे येतो. आमच्या उताराने माझ्या चुकीला बरोबर साथ दिली होती. पठारावरच्या माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती.

"आता?" मी विचारलं.

"आता विसरायचं. तुम्ही पण."

शिकणं सोपं हो, विसरणं महाकठीण. त्या दिवसापासून आमच्या घरात घड्याळ मागे पडलं आणि भरती-ओहोटी पुढे आली. वाळू उघडी पडली की आम्ही भाट्याला. खालून चेंडू टाकायला मी शिकलो. पहिल्या आठवड्यात माझा चेंडू सरळ मुलीकडे कमी आणि समुद्राकडे जास्त जायचा. रात्री बायको खांद्याला तेल चोळताना विचारायची, "थोडा मोठा असतो ना चेंडू?" अंगणात बांबूच्या टोकावर करवंटी ठोकून त्यात चेंडू ठेवला, म्हणजे बॅट आडवी, सरळ रेषेत जायची सवय व्हावी. पाय उचलायचा नाही, आधीच हलकेच टेकवून ठेवायचा. हात शरीराजवळ, झोका आखूड. नजर पिचरच्या खांद्यावर नाही, कमरेवर.

जुनी सवय मधूनच उसळायची. पाय वर गेला की ती स्वतःच "शी!" म्हणायची आणि पुन्हा उभी राहायची. मी "आज पुरे" म्हटलं की ती म्हणायची, "पुरे कोणाला? दमलात तर बसा." मी बसायचो नाही. बसलो असतो तर उठलो नसतो, हेही खरं.

निवडीच्या दिवशी चेंडू टाकायला खेडची एक उंच मुलगी होती. काय तिचा वेग! पहिल्या पाळीत आमच्या मुलीने चेंडू कडक मारला, पण नेमका समोरच्या खेळाडूच्या हातात. बाद. दुसरी पाळी शेवटची. पहिला चेंडू हुकला. दुसरा बॅटची कड घेऊन मागे उडाला. तिसऱ्याला तिचा पाय जागचा हलला नाही. हात सपकन पुढे आले आणि चेंडू, माडात वगैरे न जाता, दोन खेळाडूंच्या मधून सरळ जमिनीलगत निघून गेला. ती दुसऱ्या बेसवर पोचली तेव्हा मी ओरडत होतो, असं शेजारच्यांनी मला सांगितलं.

नावं वाचली. तिचं आलं, राखीव म्हणून.

मी समजूत घालायची वाक्यं जुळवत होतो. ती पाणी प्यायली, तिने तोंड पुसलं आणि म्हणाली, "राखीव तर राखीव. गाडीत जागा मिळाली, मैदानातली मी घेईन." आणि मला तिथेच सोडून ती तडक त्या खेडच्या मुलीकडे गेली.

"तुझा वर येणारा बॉल मला अजून कळत नाही. आत्ता टाकशील?"

"आत्ता? आमची गाडी आहे," ती मुलगी म्हणाली.

"थोडेच."

खेडच्या मुलीने हिला खालून वर न्याहाळलं, हसली आणि पाठीवरची सॅक उतरवली. फाटकाजवळून तिची आई ओरडली, "अगो, एस.टी. सुटेल!"

"पुढची धरू, आई," ती म्हणाली आणि हात फिरवायला लागली.