मिठानं सगळं मरतंय

भूमच्या पेढेवाल्यानं खवा पुन्हा परत पाठवला, तेव्हा कस्तुराबाईंनी डब्याचा वास घेतला, नाक मुरडलं आणि थोरल्या सुनेकडं बघितलं. आंबलेल्या खव्याचं खापर फोडायला त्या घरात अयोध्याचंच डोकं होतं. उद्यापासून खव्याच्या भट्टीवर धाकटी दैवशाला बसंल, थोरलीनं गोठा बघावा, असं त्यांनी सांगून टाकलं. अयोध्याचा नवरा सिद्धेश्वर मोबाइलवर बोट फिरवत राहिला.

लग्न होऊन आल्यापासून भट्टी अयोध्याची होती. दूध कधी जड झालं, उलथन्याला कधी धरतंय, तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. भांडी घासायचीही तीच, पण रीत सासूची. कॅन, परात जाड्या मिठानं घासायचे, सांजपर्यंत तसेच मिठात ठेवायचे, मग रांजणातल्या गार पाण्यानं खळबळून लगेच वापरायला घ्यायचे. दुधाच्या भांड्याला उकळतं पाणी लावायचं न्हाय, म्हशी आटतात. "मिठानं सगळं मरतंय," असं कस्तुराबाई येता-जाता म्हणायच्या. तरी खवा आंबला, तर थोरलीनं आळस केला. मग अयोध्या आणखी मूठभर मीठ घ्यायची. हातांच्या भेगांत ते शिरायचं आणि भाकरी थापताना पिठाला लाल डाग लागायचे.

लेक शिवांजली धाराशिवच्या कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकत होती. मागच्या खेपेला तिनं धुतलेल्या परातीवरून कापसाचा बोळा फिरवून नेला होता. आता सुट्टीला आल्यावर तिनं आईला फोटो दाखवला. काचेच्या बशीत त्या बोळ्यावरच्या जंतूंचे ठिपकेच ठिपके उगवले होते.

अयोध्याला पटेना. मिठानं कैरीला पाणी सुटतं, तसा जंतूही आक्रसत असणार. वरनं गोडं पाणी पडलं की टम्म फुगून फुटायला नको का तो?

फुटायलाच पाहिजे, पोरगी म्हणाली. मिठात तगायला जंतू आपल्या आत क्षार नि बारकंसारकं साठवून ठेवतो. मग गोडं पाणी त्या साठ्याकडं धावतं आणि अंगावरचा पापुद्रा ताणत जातो. पण त्या पापुद्र्यातच बारीक झडपा असतात. ताण लई झाला की त्या ताणानंच उघडतात, साठवलेलं भसकन बाहेर सोडतात, आणि फुगारा उतरला की मिटतात. झडपा काढून टाकलेले जंतू शास्त्रज्ञांनी असेच गोड्या पाण्यात सोडून बघितले, ते फुटले.

"सगळेच वाचत न्हाईत, आई. पण खवा आंबवायला पुरतील एवढे वाचतात. त्यांना मारायचं तर उकळतं पाणी नि कडक ऊन."

अयोध्या हातांकडं बघत राहिली. एवढ्या वर्षांच्या मिठानं जंतू फुटला नव्हता. फुटले होते ते तिचे हात.

ती उठली, चुलीवरचं आधण उचललं आणि अंगणातल्या परातीवर ओतलं. कस्तुराबाई धावत आल्या. म्हशी आटवायच्यात का, माहेरचं वैर काढतीस का, असं बरंच बोलल्या.

"आत्या, मीठ तुमचं, रीत तुमची," अयोध्या म्हणाली. "मग आंबलेला खवा तेवढा माझा कसा?"

सिद्धेश्वरनं मान वर केली. ती त्याच्याकडं वळली. "तुमी मोबाइल बघा. तोंड गप ठेवायची सवय हाय तुमाला. मी भट्टी सोडणार न्हाय."

त्या दिवसापासून भांडी उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळू लागली. म्हशी आटल्या नाहीत. पेढेवाल्याकडून खवा परत आला नाही. दैवशालाला भट्टीवर कुणी बसवलं नाही, आणि अयोध्याची चूक नव्हती, असंही कुणी म्हणालं नाही.

एकदा शेजारच्या गौराबाई चहाला आल्या. आमच्यात पहिल्यापासून उकळत्या पाण्याचीच रीत, असं कस्तुराबाई त्यांना ऐटीत सांगत होत्या. अयोध्या भट्टीवरून उठली. उलथनं कढईत तसंच राहिलं, दूध खाली लागलं तर लागलं. दोघींच्या मधे बसून तिनं दोन्ही तळवे उघडून पुढं धरले.

"मग हे कशानं झालं, आत्या? सांगा त्यास्नी."