मावशी खरी आहे

तिला साधा चहा धड जमत नसे. तरी सगळं इस्पितळ तिला सुगरण म्हणे. स्वयंपाकातली नव्हे, काडी काडी विणून खोपा बांधणारी.

तिची खोली तळघरात होती, कपडे धुण्याच्या खोलीला लागून. टेबलावर संगणकाचे दोन पडदे. पडद्यांवर ठिपके आणि रेघा. ठिपका म्हणजे एक माणूस, एक औषध किंवा एक आजार. रेघ म्हणजे त्यांचा एकमेकांशी संबंध. पूर्वी रक्ततपासणीचे कागद एका कपाटात, औषधांचे दुसऱ्यात, शस्त्रक्रियांचे तिसऱ्यात. कपाटं एकमेकांशी बोलत नसत. सुगरणीने चार वर्षं खपून ती बोलती केली. आता एखाद्या रुग्णाच्या रक्ताच्या नात्यात कोणाला भुलीचं औषध बाधलं होतं का, असं विचारलं की जाळं स्वतःच रेघेवरून रेघेवर चालत जाई. कोणी सापडलं तर रुग्णाच्या नावापुढे लाल ठिपका उमटे. तो बघून भुलीचे डॉक्टर औषध बदलत.

महिन्यापूर्वी या जाळ्याने सगळ्यांना हसवलं होतं. वॉर्डातल्या एका मावशींना दोनशे अकरा भाचरं निघाली.

त्याचं असं झालं. नावनोंदणीच्या खिडकीवर "सोबत कोण?" असा रकाना आहे. रुग्णाची खुर्ची ढकलत जो आणेल त्याला कारकून लिहून मोकळा होई. "मावशी", पुढे बिल्ल्याचा नंबर. इस्पितळात झाडणारी-पुसणारी प्रत्येक बाई मावशीच. स्ट्रेचर ढकलणारा प्रत्येक पुरुष मामा. माणसाला हे कळतं. जाळ्याला कसं कळावं? त्याने मावशी म्हणजे आईची बहीण, असं धरलं.

त्यात या मावशींना सहा वर्षांपूर्वी इथेच, पित्ताशय काढताना, भुलीचा वायू बाधला होता. अंग लाकडासारखं ताठ, ताप एकशे सहा. मरता मरता वाचल्या. झालं. दोनशे अकरा जणांपुढे लाल ठिपके.

भुलीचे डॉक्टर तणतणत खाली आले. "सुगरणबाई, अख्खं गाव तुम्ही एका घरात कोंबलंत. सगळेच लाल, तर लालाला भीक कोण घालणार?"

तिला ते लागलं. बरोबरही होतं. तिने एका ओळीचा नियम लिहिला. जी मावशी, जो मामा इस्पितळाच्या बिल्ल्यावर असेल, त्याची रक्ताची रेघ तोडावी. यापुढेही तोडत राहावी. सहाशे चाळीस रेघा एका क्षणात गेल्या. जाळं लख्ख दिसलं. डॉक्टरांनी तिला वर बोलावून कॉफी पाजली.

आज सकाळी नऊच्या सुमारास त्याच मावशी तिची खोली पुसायला आल्या. फडकं एकाच फरशीवर फिरत राहिलं.

"मावशी, झिजेल ती फरशी."

"लक्ष नाही हो ताई. भाचीला आत नेलंय. टॉन्सिलचं."

"कोणाच्या भाचीला?"

"माझ्याच की. धाकट्या बहिणीची. काल मीच आणली. खिडकीवर बिल्ला दाखवला, म्हटलं नंबर लवकर लागेल."

सुगरण हसली. मग ते हसू तोंडावर तसंच राहिलं.

"सख्खी बहीण?"

"ऐका! एका आईच्या पोटातली. आणखी किती सख्खी हवी?"

तिने नोंद उघडली. मुलगी, वय सात. सोबत: मावशी. बिल्ल्याचा नंबर. रेघ तुटलेली. लाल ठिपका नाही. घरात कोणाला भुलीचा त्रास? आईने लिहिलं होतं, नाही.

"मावशी, तुमच्या ऑपरेशनला काय झालं होतं ते बहिणीला सांगितलं नव्हतंत?"

"काय सांगायचं? ताप आला, उतरला. ती आधीच भित्री."

तिने वर फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. कोणी उचलेना. लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकलेली. ती जिन्याने पळाली. मागून मावशी, हातात ओलं फडकं तसंच. "ताई, झालं काय? अहो, सांगा तरी!" सांगणार काय? तुमची रेघ मी तोडली? सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं तिचे वडील म्हणत. प्रत्येक वळणावर तेच एक वाक्य डोक्यात आपटत होतं.

शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारात नर्स आडवी आली.

"चपला! आणि तुम्ही पेशंटच्या कोण?"

"कोणी नाही."

"मग बाहेर थांबा."

तिला सगळं नीट, क्रमाने सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "मावशी खरी आहे!"

"अहो, मावशी खोटी कशी असेल?"

"सिस्टर, त्या मुलीची मावशी खरी आहे! या मावशी! डॉक्टरांना सांगा, वायू देऊ नका!"

नर्सने तिच्या मागे पाहिलं. मावशी धापा टाकत उभ्या होत्या, फडक्यातून पाणी गळत होतं. सहा वर्षांपूर्वी याच नर्सने त्यांच्या अंगावर बर्फ रचला होता. तिचा चेहरा उतरला. ती वळली आणि आत पळाली.

दार मिटलं. मावशी जमिनीवर बसल्या. आता त्यांना कळलं होतं.

"ताई, माझ्यासारखं होईल का तिला?"

आत काहीतरी धातूचं पडलं.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. मास्क गळ्यात लोंबत होता. "दोन श्वास घेतलेत तिने. मास्क नको म्हणून लाथा झाडत होती, म्हणून दोनच. वायू बंद केलाय. ऑपरेशन आज नाही. ताप चढतो का बघायचं. तासभर काही सांगता येणार नाही." मग म्हणाले, "लाल ठिपका का नव्हता?"

"मी तोडली रेघ."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तोडायला मीच लावली."

दर पाच मिनिटांनी नर्स दारात येऊन आकडा सांगे. अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. नव्व्याण्णव. मावशींनी फडकं तोंडात कोंबलं. पुन्हा नव्व्याण्णव. मग बराच वेळ कोणी आलंच नाही. मग अठ्ठ्याण्णव. आणि आतून एक चिडका आवाज, "मला पाणी पाहिजे!"

मावशी रडल्या. सुगरणीला रडू येईना.

ती भिंतीला हात लावत खाली उतरली. पडद्यावर तिने दोन तऱ्हेच्या रेघा केल्या. एक रक्ताची, एक हाकेची. पण कुठली कुठली, हे पडद्याला ठाऊक नव्हतं. ते माणसालाच विचारायला हवं. मावशींना एवढी एकच भाची. बाकी बिल्ल्यांचं काय? तिने यादी छापली. सात पानं झाली.

लिफ्टपाशी स्ट्रेचरवाले मामा उभे होते.

"मामा, तुम्हाला भाचे किती?"

"सगळं इस्पितळ!" मामा हसले.

"तसं नाही, मामा. रक्ताचे."

मामांनी तिच्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. त्यांनी स्ट्रेचर सोडलं आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली.