पेपरातलं राहिलेलं नाव

मंचरला अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छापखाना होता. लग्नसराईत तिथे पत्रिकांशिवाय दुसरं काही छापलं जात नसे, आणि पत्रिका म्हणजे नावांची जत्राच. चुलते, मामा, भाऊबंद, सोसायटीचे चेअरमन. नाव राहिलं की माणूस लग्नाला येत नाही आणि पुढे कित्येक वर्षं बोलतही नाही. म्हणून अण्णा प्रूफ हातात घेऊन गिऱ्हाइकाला समोर बसवत, सगळी नावं मोठ्यानं वाचत आणि विचारत, "कोन राह्यलं का बगा." तीनदा विचारल्याशिवाय मशीन सुरू होत नसे. एवढं करूनही एखादं नाव राहिलंच, तर उरलेल्या प्रत्येक पत्रिकेवर ते स्वतःच्या हातानं, शाईनं लिहून देत. शाळेतून आल्यावर ती प्रुफं मीच तपासायचे. तेव्हा हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

पुढे मी डॉक्टर झाले, पुण्यात एका मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस संशोधनासाठी आमचाच तालुका निवडला. पेठ गावाच्या बाजूला बटाटे काढायला जाणाऱ्या बायकांच्या अंगात रक्त कमी असतं, आणि लोहाच्या गोळ्या देऊनही ते का वाढत नाही, हा माझा विषय. विषय माझा, वणवण मात्र तिथल्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंची. सगळा गाव त्यांना सिस्टर म्हणे, मीही तेच म्हणे.

बायका बोटातून रक्त द्यायला तयार नव्हत्या. पुण्याला नेऊन विकतात, अशी अफवा उठली होती. सिस्टरांनी बांधावर बसून आधी स्वतःचं बोट टोचून घेतलं. "बगा, मेले का मी?" म्हणाल्या. मग एकेक जण पुढे आली. तीन वर्षं आम्ही दोघी वस्त्या-वस्त्या हिंडलो, म्हणजे मी आठवड्यातून एकदा आणि त्या रोज. शेवटी एकदा मी आकड्यांत डोकं घालून बसले होते, तेव्हा चहाची किटली खाली ठेवत त्या म्हणाल्या, "मॅडम, ह्या समद्या जनी गोळी च्याबरूबर घेत्यात. त्यानं तर नसंल?"

त्यानंच होतं. चहानं लोह अंगी लागत नाही, हे पुस्तकात मी वाचलेलं होतं. शेतावर बघायचं मला सुचलं नव्हतं.

या अभ्यासावर एका वैद्यकीय नियतकालिकासाठी पेपर लिहिला. त्यावर सहा नावं होती आणि पहिलं माझं. त्यातल्या एका गृहस्थांनी नुसती आकडेमोड केली होती. पेठ त्यांनी नाशिकला जाताना एसटीच्या खिडकीतून पाहिलं असेल तेवढंच. सिस्टरांचा विषय मी भीत भीत काढला, तर आमचे विभागप्रमुख म्हणाले, "नर्सचं नाव कशाला? आभारात टाका." आभारात 'स्थानिक कर्मचारी' एवढे दोन शब्द पडले. माझ्या बढतीचा अर्ज त्यांच्या सहीनं जायचा होता. मी "बरं सर" म्हणाले.

छापील प्रतींचा गठ्ठा आला तेव्हा पहिली प्रत अण्णांना दिली. इंग्रजी मजकूर त्यांना कळणारा नव्हता. त्यांनी नावं तेवढी अक्षर लावून वाचली आणि सवयीनं विचारलं, "कोन राह्यलं का?"

"नाही," मी म्हणाले.

सिस्टरांनाही प्रत नेऊन दिली. त्यांनी नावांवरून बोट फिरवलं, पान उलटून मागची बाजूही पाहिली. मग म्हणाल्या, "कागद लई गुळगुळीत हाय, मॅडम," आणि चहा ठेवायला आत गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी चहा पिऊन मी पुण्याची गाडी पकडलीच.

आमच्या धंद्यात माणसाची किंमत त्याचे पेपर आणि ते इतरांनी किती वेळा उद्धृत केले, यावर ठरते. माझा हा एक पेपर चालला. कॉलेजात इंटरनेट आल्यावर मी हावरटासारखी शोधायची. कुठल्या कुठल्या देशांतले लोक त्याचा आधार घेत होते. संदर्भात छापलेलं असायचं माझं आडनाव, आणि पुढे 'व इतर'. त्या इतरांतही सिस्टर नव्हत्या. बढती मिळाली, पेढे वाटले. दर नव्या संदर्भासरशी आनंद व्हायचा आणि मागोमाग स्वतःचा रागही यायचा. मग हळूहळू मी पेठला जायचंच टाळू लागले.

अशी काही वर्षं गेली. एके दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला.

"तुज्या पेठच्या सिस्टर आल्यात्या. पोरीच्या लग्नाची पत्रिका हाय. तिसऱ्यांदा इचारलं तवा म्हनल्या, एक राह्यलं. तुजं नाव दिलं त्यांनी, घरच्या मानसांत. डिग्र्या काय काय टाकू?"

रिसीव्हर टेबलावर ठेवून मी खोलीचं दार लावून आले. अण्णांना वाटलं लाइन गेली. ते हॅलो हॅलो करू लागले.

"अण्णा," मी म्हणाले, "त्या पेपरच्या वेळी तुम्ही मला विचारलं होतं. मी खोटं बोलले. त्यांचं नाव राहिलं होतं. राहिलं नव्हतं, मी राहू दिलं."

त्यांनी छापखानेवाल्यासारखंच विचारलं, "प्रती उरल्यात का?"

"आहेत. अर्धा गठ्ठा."

"मग लिही हातानं. समद्यांवर. आन् पैली घिऊन लग्नाला ये."

मी गठ्ठा काढला, पेन उघडलं आणि थांबले. तीन वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायले होते, आणि सिस्टर यापलीकडे मला काही माहीत नव्हतं.

"अण्णा, त्यांचं नाव काय हो?"

पलीकडे प्रुफाचा कागद वाजला. अण्णांनी ते नाव सावकाश, एकेक अक्षर सुटं करून वाचलं, आणि मी लिहून घेतलं.